रिकाम्या टेबलाचं वजन

१

त्या दिवशी सकाळी धुकं असं उतरलं होतं की माणसाचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागाहून. पाऊस नव्हता, वारा नव्हता, नुसती ओल. कुलपाला हात लावला तर हाताला पाणी लागत होतं. आठ वाजून गेले तरी रस्त्यावरचे दिवे कुणी विझवले नव्हते, आणि पेटलेले दिवेही दुधात बुडवल्यासारखे दिसत होते.

मास्तर नेहमीप्रमाणे साडेआठला प्रयोगशाळेत पोचले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेची पायरी त्यांनी फार तर दोन-तीन वर्षं झिजवली असेल. आकडे त्यांना पाठ, अक्षरं मात्र अजूनही बोट ठेवून वाचावी लागत. पण चाळीस वर्षं हादरे देणारं टेबल चालवलं म्हणून लोक त्यांना हादरेमास्तर म्हणायला लागले, आणि पुढे त्यातले हादरे गळून पडले.

हे टेबल म्हणजे जेवायचं टेबल नव्हे. दोन खाटा शेजारी शेजारी मावतील एवढा मोठा, जाड पोलादी पत्रा, त्याच्याखाली सहा सिलिंडर, सिलिंडरांत तेल, आणि त्या तेलाला जोर देणारा पंप शेजारच्या खोलीत. कुणी पाण्याची टाकी बनवली, दवाखान्यात ठेवायचं कपाट बनवलं, की भूकंपात ते टिकेल का हे बघायला ते या पत्र्यावर बोल्टांनी आवळायचं आणि टेबलानं त्याला गदागदा हलवायचं. हलवायचं, पण आंधळेपणानं नाही. वर किती भार आहे हे संगणकाला ठाऊक हवं. ठाऊक असलं की तो सांभाळून हलवतो. ठाऊक नसलं की भिरकावून देतो. एकदा पत्र्यावर विसरलेला पाना टेबलानं समोरच्या भिंतीत घुसवला होता. तो खळगा अजून तसाच होता, आणि कुणी नवीन माणूस आला की मास्तर त्याला आधी त्या खळग्यात बोट घालायला लावायचे.

सकाळची कामं सात. मास्तर ती बोटांवर मोजत. किल्ली, तेल, पंप, लहान दाब, मोठा दाब, पत्र्यावर नजर, शून्य. शून्य म्हणजे शेवटचं हिरवं बटण. ते दाबलं की संगणक समजायचा, आता वर जे आहे ते काहीच नाही, इथून पुढे मोजायचं. म्हणून मास्तरांचा नियम होता, आधी डोळे, मग बोट. पत्रा रिकामा बघितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आणि पडद्यावर किलोभराच्या वर आकडा दिसला, तर कारण सापडेपर्यंत तर नाहीच नाही.

त्या दिवशी पाच कामं झाली. मास्तरांनी पत्र्यावर नजर टाकली. पत्रा रिकामा. मग पडद्याकडे बघितलं.

४६.२.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच. ते पत्र्याभोवती फिरले, खाली वाकून बघितलं, सिलिंडरांच्या मध्ये हात घालून बघितला. एखादं पोतं, एखादी साखळी, काही नाही.

इंजिनियरबाई आल्या त्या नाकाला रुमाल लावूनच. वयानं मास्तरांच्या मुलीएवढ्या, पण कामात वस्ताद.

"काय मास्तर, रात्री टेबलावर कोण झोपून गेलं?"

"झोपून गेलं असतं तर उठूनही गेलं असतं, बाई. हे अजून आहे."

बाईंनी आकडा बघितला आणि रुमाल खिशात घातला. मग दोघांनी एकेक करून सगळं तपासलं. तेल गार होतं, ते गरम केलं. आकडा हलला नाही. भार मोजणाऱ्या सेन्सरांच्या तारा काढून परत जोडल्या. तरी तेच. पंप बंद केला. आकडा होता तिथेच होता.

होता तिथेच म्हणणंही तितकंसं खरं नाही. दशांशाचा आकडा हलत होता. ४६.२, ४६.३, ४६.२, ४६.१, परत ४६.२. सावकाश. मास्तरांनी मनात मोजलं. एका मिनिटात पंधरा-सोळा वेळा.

"पंपाची थरथर असेल," बाई म्हणाल्या.

"पंप बंद आहे, बाई."

बाईंनी पंपाच्या खोलीत डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "सेन्सरवाल्या कंपनीचा माणूस बोलावते. पण या धुक्यात विमानं बंद आहेत, कधी येईल देव जाणे. तो येईपर्यंत शून्य मात्र करू नका. दोष पुसला गेला तर तो म्हणेल दोष नव्हताच."

मास्तरांनी मान हलवली. पण मनात एक पाल चुकचुकली होती. ४६.२ हा आकडा त्यांनी त्याच सकाळी, सात वाजता, स्वतःच्या हातानं एका वहीत लिहिला होता.

२

ती वही घरी असायची, पलंगाच्या उशाशी. मास्तरांची बायको गेले आठ महिने आजारी होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, पण ते मास्तरांच्या जिभेवर बसत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की अन्न अंगी लागत नाही आणि माणूस आतून झिजतं. "रोज सकाळी वजन करा," डॉक्टर म्हणाले होते. "चाळीसच्या खाली जाऊ देऊ नका. चाळीसच्या खाली गेलं, तर पुढचं माझ्या हातात नाही."

म्हणून रोज सात वाजता मास्तर तिला धरून वजनकाट्यावर उभं करत आणि आकडा वहीत लिहीत. सुरुवातीच्या पानांवर साठीचे आकडे होते. आता ती पानं मास्तर उलटत नसत.

"काय म्हणतो काटा?" ती विचारायची.

"म्हणतो, बाई जरा हलकीच आहे."

"चाळीस वर्षं म्हणत होतात, तू जड झालीस मला. आता बघा."

दिवसभर तिच्यापाशी शेजारचा शिंपी असे. त्याची खोली अंधारी, मास्तरांच्या खिडकीत उजेड चांगला. म्हणून त्यानं आपलं शिवणयंत्र आणि ती बिडाची जुनी जड इस्त्री इकडेच आणून ठेवली होती. काम त्याचं व्हायचं आणि सोबत तिला व्हायची. तिचे गाऊन तोच आत घ्यायचा, दर पंधरा दिवसांनी दोन बोटं. "काकू, आता शिवण घालायला कापड शिल्लक राहिलं नाही," असं तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "मग दोरा तरी शिल्लक ठेव, मला बांधून ठेवायला."

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. डोळे ताजे दिसत होते.

"आज झोप लागली हो," ती म्हणाली. "किती दिवसांनी. दुपारी असं वाटलं, कुणीतरी झोके देतंय. हळूहळू."

मास्तर बूट काढता काढता थांबले. दुपारी तेल गरम करायला त्यांनी टेबल तासभर मंद हलवलं होतं.

योगायोग असतात जगात. मास्तरांनी स्वतःला तसं बजावलं आणि हातपाय धुतले.

दुसऱ्या दिवशी वहीत ४५.९ लिहिलं. साडेआठला पडद्यावर ४५.९ होतं. तिसऱ्या दिवशी वहीत ४५.५. मास्तर त्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात बराच वेळ किल्ली धरून उभे राहिले. आत गेले, पाच कामं केली, पत्र्यावर नजर टाकली, आणि पडद्याकडे पाठ करून जरा वेळ खुर्चीत बसले. मग वळून बघितलं.

४५.५.

३

मास्तर अडाणी असले तरी भोळे नव्हते. यंत्रानं काही सांगितलं तर त्याला उलटा प्रश्न विचारायचा, हे ते नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकले होते. काट्यावर विश्वास नसेल तर ठाऊक वजन ठेवून बघायचं.

अकरा वाजता बाई कार्यालयात गेल्या तशी त्यांनी पडद्यासमोर बसून घरी फोन लावला.

"अगं, शिंपी आहे ना तिथे?"

"आहे की. बटणं लावतोय. का?"

"त्याला म्हणावं, इस्त्री तुझ्या मांडीवर ठेव."

"काय?"

"गार इस्त्री गं. थोडा वेळ. काम आहे माझं."

पलीकडे कुजबुज झाली. मग शिंप्याचा आवाज आला. "काका, काकूंना कडक इस्त्री करायची की साधी?"

"ठेव रे बाबा. सांगतो मग."

मास्तर पडद्याकडे बघत होते. ४५.५. ४५.६. ४५.५. मग आकडा एकदम उडाला.

५१.३.

"ठेवली," ती म्हणाली. "जड आहे हो. पाय दुखतायत."

"काढ म्हणावं."

४५.५.

"परत ठेवू दे. एकदाच."

५१.३.

मास्तरांनी फोन बंद केला. संध्याकाळी त्यांनी शिंप्याची इस्त्री मुकाट्यानं वजनकाट्यावर ठेवली. पाच किलो आठशे. शिंपी बघत राहिला. "काका, मला सांगायचं तरी. इस्त्रीचीही प्रकृती बघताय का?"

मास्तर हसले. हसू आलं म्हणून नाही, हसायला हवं होतं म्हणून. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पण मास्तरांच्या मनानं हे चिंतलं नव्हतं. हे पडद्यावर लिहून आलं होतं.

४

चौथ्या दिवशी धुकं आतच शिरलं. मोठ्या दाराच्या फटीतून ते जमिनीसरशी पसरत आलं होतं, आणि पोलाद गार म्हणून पत्र्यावर दव धरलं होतं. आरशावर श्वास सोडल्यावर दिसतं तसं, सगळीकडे सारखं, पांढुरकं.

सारखं, पण मधली जागा सोडून.

मध्ये दोन जागा कोरड्या होत्या. शेजारी शेजारी, टाचेकडे अरुंद, पुढे रुंद, आणि पुढे पाच पाच ठिपके. डाव्या बाजूच्या जागेत शेवटचा ठिपका वेगळा नव्हता. तो शेजारच्या ठिपक्यावर चढलेला होता.

मास्तरांच्या बायकोच्या डाव्या पायाची करंगळी तशी होती. लहानपणी दारात चेंगरून शेजारच्या बोटावर चढलेली. लग्नानंतर पहिल्यांदा चपला घ्यायला गेले होते, तेव्हा चपलावाला म्हणाला होता, या करंगळीचं वेगळं माप घ्यावं लागेल.

मास्तर पुढे गेले. त्यांनी हात लांब केला आणि त्या दोन जागांच्या मधल्या पत्र्याला तळवा लावला. चारी बाजूंनी पोलाद बर्फासारखं होतं. तेवढी वीतभर जागा कोमट होती.

मान वर करून बघावं असं त्यांना वाटलं. त्यांनी बघितलं नाही. चाळीस वर्षांत त्यांनी त्या पत्र्यावर नाही नाही ते बघितलं होतं, पण समोर उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्यांशी मान घालून, तिथे कुणी नाही हे बघायचं, एवढी छाती त्यांना झाली नाही.

ते मागे आले, आणि त्यांनी टेबल हलवायला घेतलं. केसभर. यापेक्षा हळू टेबल हलत नाही असं पुस्तकात लिहिलेलं होतं, बाईंनीच एकदा वाचून दाखवलं होतं. इतक्या हळू गेलं की तेल अडखळतं, व्हॉल्व्ह कुरकुरतो, आणि हालचाल गुळगुळीत न राहता दात लागल्यासारखी होते. पण मास्तर पुस्तकावर चालत नव्हते. ते एक कान पंपाकडे ठेवत आणि एक हात दाबाच्या चाकावर. तेल गार असलं तर दाब किंचित वर. वीज दबली आणि पंपाचा सूर उतरला तर हात लगेच मागे. वर उभं असलेलं जरा डाव्या पायावर गेलं, तर आकडा सांगायचा, आणि मास्तर डावी बाजू तेवढी मऊ सोडायचे. बाळ झोपलेली पाटी डोक्यावर घेऊन कुणी दगडगोट्यांतून चालावं, तसं ते दोन तास चाललं.

त्या दिवशी तिनं दुधात भिजवलेला पाव अख्खा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी वहीत ४५.८ लिहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा आकडा चढला होता.

५

पुढचे आठ दिवस मास्तरांनी रोज सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास रिकामं टेबल हलवलं. धुकं काही उठलं नाही. सेन्सरवाला काही आला नाही. वहीत मात्र ४६ झालं, मग ४६.४, मग ४६.९. शिंप्यानं गाऊनची एक शिवण उसवली आणि तो पराक्रम सगळ्या आळीला सांगितला.

नवव्या दिवशी सकाळी दवाखान्यासाठी बनवलेलं विजेचं मोठं कपाट येऊन पडलं. त्याच्याबरोबर ते बनवणाऱ्यांची दोन माणसं आली, हातांत कागद घेऊन. भूकंपाचा पुरा हादरा द्यायचा होता. चाळीस सेकंद, पण त्या चाळीस सेकंदांत लोखंड वाकतं.

बाई मास्तरांपाशी आल्या. "मास्तर, आता थांबता येणार नाही. पडद्यावर किती?"

"सत्तेचाळीस."

"रिकाम्या टेबलावर?"

मास्तर पत्र्याकडे बघत राहिले.

"मग शून्य करा आणि कपाट चढवा. दोषाचं नंतर बघू."

"नाही करता येणार, बाई."

"का?"

"रिकामं नाही ते."

बाईंनी पत्र्याकडे बघितलं. मग मास्तरांकडे. त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तर, गेले आठ दिवस तुम्ही रोज चार तास रिकामं टेबल हलवताय. मी इथल्या नोंदवह्या बघते. विचारलं नाही, कारण वाटलं तेल गार असेल. तुमच्या घरी काय चाललंय तेही मला माहीत आहे. थकला असाल तर बाजूला बसा. मी चालवते."

"नका चालवू." मास्तर म्हणाले. त्यांनी उठून बाईंच्या आणि पडद्याच्या मध्ये आपलं अंग घातलं, आणि असं करताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. "बाई, चाळीस वर्षांत मी तुम्हाला, तुमच्या आधीच्या साहेबांना, कुणाला कधी नाही म्हटलं नाही. आज म्हणतो. तुम्हीच सांगता ना, वर काय आहे ते कळल्याशिवाय जोर लावायचा नाही? मग हे काय आहे ते कळलंय का तुम्हाला? सत्तेचाळीस किलोचं काय आहे ते सांगा मला, मी या हातानं भूकंप देतो."

ते दोन पाहुणे कागदांआडून बघत होते. बाईंनी भिंतीतल्या त्या खळग्याकडे बघितलं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "कळल्याशिवाय नाही. मी त्यांना सांगते, आज होणार नाही."

पाहुण्यांची कुरकुर झाली, फोनाफोनी झाली. बाई बधल्या नाहीत. कपाट दाराशीच राहिलं. मास्तर खुर्चीत बसले. पडद्यावर ४७.० होतं, ४७.१, ४७.०. शांत झोपलेल्या माणसासारखं.

६

दुपारी पावणेदोनला वीज गेली.

गेली ती जेमतेम मिनिटभर. पंपाचा सूर घरंगळत खाली आला, टेबल सुस्कारा टाकून बसलं, पडदा काळा झाला. मग दिवे लागले.

"झालं," बाई म्हणाल्या. "धुक्यानं तारा पण भिजल्या वाटतं. मास्तर, एवढं चालू करून द्या आणि घरी जा. खरंच जा. आठवडाभर येऊ नका. काकूंपाशी बसा. मी कुणाला टेबलाला हात लावू देणार नाही, माझा शब्द."

मास्तरांच्या मनावरचा धोंडा उतरला. गेल्या आठ महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्यांनी किल्ली फिरवली.

"त्यांना काय आवडतं?" बाई विचारत होत्या. "मी येते रविवारी. काहीतरी घेऊन येते."

तेल बघितलं. पंप चालू केला. "संत्री," मास्तर म्हणाले. "सोलून दिली तर खाते. स्वतः सोलायचा तिला कंटाळा, पहिल्यापासून." लहान दाब. "लग्नात मला म्हणाली होती, तुम्ही सोलणार असाल तरच." मोठा दाब. बाई हसल्या, आणि मास्तरही बाईंकडे बघून हसले, मनापासून, आणि चाळीस वर्षं रोज सकाळी जे करत आलं ते त्यांच्या उजव्या हाताच्या बोटानं केलं.

हिरवं बटण खाली गेलं आणि वर आलं.

मास्तर अजून हसतच होते. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं.

०.०.

दशांशाचा आकडा हलत नव्हता.

"बघा!" बाई म्हणाल्या. "वीज गेली काय, आली काय, दोष आपोआप गेला!"

"बाई, परत आणा."

"काय?"

"सत्तेचाळीस होतं. ते परत आणा. संगणकात असेल ना कुठे? मागचा आकडा? लिहा ना, हातानं लिहा, सत्तेचाळीस."

"मास्तर, मुद्दाम चूक कशाला घालायची?"

मास्तर पत्र्याकडे धावले. दव होतं. मधल्या दोन जागाही आता पांढुरक्या होत चालल्या होत्या, कडांकडून आत. उजवी आधी मिटली. डाव्या जागेतला तो चढलेला ठिपका शेवटपर्यंत राहिला, गव्हाच्या दाण्याएवढा, मग तोही गेला. मास्तरांनी तळवा ठेवला. पोलाद सगळीकडे सारखंच गार होतं.

त्यांनी घरी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. कोट अंगात घालताना त्यांना बाही सापडेना, बाईंनी धरून घातला.

"मास्तर, थांबा," बाई एकदम म्हणाल्या. "हे काय आता?"

पडद्यावर ५.८ होतं.

मास्तरांनी तो आकडा बघितला. कुठेतरी बघितलेला आहे, एवढं कळलं. कुठे, ते आठवायला ते थांबले नाहीत.

७

घर वीस मिनिटांवर होतं. धुक्यात मास्तर दोनदा वाट चुकले, स्वतःच्याच आळीत. आकडा पायांबरोबर चालत होता. पाच आठ, पाच आठ. हलत नव्हता तो. खाली-वर होत नव्हता. दगडासारखा स्थिर होता, हे त्यांना चालता चालता उमगलं, आणि ते धावायला लागले, त्यांच्या वयाला धावणं म्हणतात तेवढं.

घराचं दार लोटलेलं होतं. खिडक्या बंद होत्या, आतून कापडाचे बोळे कोंबलेले. खिडकीशी शिवणयंत्राचा आवाज नव्हता. पायरीवर शिंपी बसला होता. दाराला पाठ लावून, आतून कुणी दार ढकलेल की काय अशा भीतीनं बसल्यासारखा. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं. "आहे ना ती? बोल ना रे. आहे ना?"

शिंप्यानं मान वर केली. त्याच्या जिभेवर नेहमी एक थट्टा तयार असे. आज नव्हती.

"आहेत, काका," तो म्हणाला. "डोळे उघडे आहेत. तुम्हालाच विचारतायत. मघाशी, दोनच्या आधी, मी खिडकी उघडली उजेडाला, आणि त्या वाऱ्याच्या झुळकीबरोबर पलंगावरून सरकल्या. मी धावत जाऊन धरलं, उचललं, तर हाताला वजन असं काही लागलंच नाही हो. आत जा तुम्ही, पण दार हळू लोटा. आणि काका, पांघरुणावर माझी इस्त्री ठेवलीय, ती तेवढी काढू नका."